आमची फुप्फुसं, आमच्या हातची

लालबाग, मुंबई

प्रिय वश्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा नुकताच जिना चढून आलो होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. लिहायला दम लागत नाही, म्हणून हे पत्र.

"आत नक्की काय होतं रे तुला?" असं विचारलंस. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, हे नाव तुला माहीत आहेच. पण गंमत ऐक. श्वासाच्या व्यायामाला जातो तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी एकदा सगळ्यांना कागद-पेन्सिली दिल्या. म्हणाल्या, आपापली फुप्फुसं काढा.

गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्याने दोन लांबोडके गोल काढले आणि आत नुसता कापूस भरला. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, म्हणाला, मग आठवडाभरात सैल व्हायची. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. तो म्हणतो, "कापूस बसलाय." शेजारच्या मावशींनी काळीकुट्ट रंगवली. जन्मात विडीला हात लावला नाही बिचारीने, गावी चुलीपुढे बसली एवढंच. तरी जो तो विचारतो, "तुम्हाला कसं काय झालं?" टीबीतून बऱ्या झालेल्या एकाने उजवं फुप्फुस काढलंच नाही. "ते गेलं," म्हणाला. एक्स-रेत आहे, व्रण पडलेलं, पण त्याच्या लेखी गेलंच. मी दोन बारक्या, सुरकुतलेल्या पिशव्या काढल्या.

बाई म्हणाल्या, निदान तुमचं तरी उलटं आहे. माझ्यासारख्यांची फुप्फुसं आक्रसत नाहीत, फुगतात. श्वासनळ्या अरुंद झालेल्या, वायुकोशांच्या, म्हणजे आतल्या हवेच्या बारक्या पिशव्यांच्या, भिंती गेलेल्या. त्यामुळे आत घेतलेली हवा पुरती बाहेरच पडत नाही. फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा घुमटासारखा वर उचललेला असायचा, तो दबून सपाट होतो. नव्या श्वासाला जागाच उरत नाही आणि आपण वेड्यासारखे आणखी आत ओढत बसतो! म्हणून ओठांचा चंबू करून, चहावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा; घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. आता पटलंय मला. जिन्यात धाप लागली की आधी सोडतो.

पण बाईंचं एक मला पटत नाही. त्या फुप्फुसांवरच थांबतात. माझं शरीर आता फुप्फुसांपाशी संपत नाही रे. दुसऱ्या मजल्यावरचा कठडा, खिशातला औषधाचा पंप, दादरच्या पुलावर टेकायला सापडणारा खांब, हे सगळं त्यातच आलं. कोणी कागद मोठा दिला असता तर तेही काढलं असतं. बाहेरून मात्र मी ठणठणीत. अपंगांच्या डब्यात चढलो की लोक पायांकडे बघतात, मग तोंडाकडे.

आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ते यंत्र! कोरोनापासून घरोघरी ९५चा धाक बसलाय. माझा आकडा ९०वर दिसला की वहिनी देव पाण्यात ठेवते. मला डॉक्टरांनी ८८ ते ९२ सांगून ठेवलंय, हे तिला कितीदा समजावलं, पण तिचा त्या आकड्यावर विश्वास नाही.

तू ये, पण ऐन थंडीत नको. तेव्हा इथल्या धुरक्याने मी घराबाहेर पडत नाही. आलास की शिवाजी पार्काला एक फेरी मारू. चालताना काही विचारलंस तर उत्तर पुढच्या बाकड्यावर मिळेल.

तुझा,
बाळ्या