शिफारसपत्रांचं आधी बघा

संपादक महोदय,
परदेशात मास्टर्स-पीएचडीला अप्लाय करणारे आपण सगळे जीव ओततो तो एसओपीत (का शिकायचंय ते सांगणाऱ्या निबंधात), आणि शिफारसपत्रं मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. माझंही तेच झालं, तीनपैकी दोन आली, तिसऱ्या सरांना विद्यापीठाच्या पोर्टलची लिंक गेली ती थेट स्पॅममध्ये, डेडलाइन रात्री ११:५९ची, पण तिकडच्या घड्याळाने, म्हणून निभावलं. सरांनी बिचाऱ्यांनी फोन कानाला लावून फॉर्म भरला. आणखी एक, टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर २ वर्षंच चालतो, जीआरई या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा ५, तेव्हा जुन्या स्कोअरवाल्यांनी तारीख बघा. बऱ्याच डिपार्टमेंटना तर आता जीआरई लागतच नाही, मी ते फी भरल्यावर वाचलं!
– एक विद्यार्थिनी