हौशी डिटेक्टिव्हचा धंदा शोभेपुरता नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘कोझी मिस्टरी’, म्हणजे हौशी शोधकाने खून उलगडण्याच्या सौम्य रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणे अलीकडे वरचेवर येऊ लागली आहेत, याचा मनापासून आनंद आहे. तक्रार एकच आहे. नायिका मधमाश्या पाळते, जुनी घड्याळे दुरुस्त करते, पियानो सुरात लावते, असे परीक्षणात कौतुकाने सांगितलेले असते. पण त्या धंद्याचा खून उलगडायला काही उपयोग झाला का, याबद्दल एक ओळही नसते. या कादंबऱ्यांचा कस तर तिथेच लागतो.

या प्रकारात रक्तपात पडद्याआड राहतो, वस्ती लहान असते आणि खुनी ओळखीच्या दहा-बारा जणांतलाच असतो. शोध घेणाऱ्याकडे ना प्रयोगशाळा असते, ना झडतीचा अधिकार. त्याच्या हाती असते ते फक्त रोजचे काम. म्हणून एक साधी कसोटी लावून पाहावी. नायिका बुकबाइंडर असेल, तर तिला मनातल्या मनात शिंपीण करावे. गोष्ट तशीच पुढे सरकली, तर धंदा मुखपृष्ठापुरता होता असे समजावे.

बुकबाइंडरचेच उदाहरण घेऊ. धाग्याने शिवलेल्या पुस्तकात १६ पृष्ठांचा फर्मा (एकत्र घडी घालून शिवलेला गठ्ठा) म्हणजे आठ पत्रे; पत्र म्हणजे पुढे-मागे दोन पृष्ठे असलेले एक पान. पहिले पत्र आठव्याशी जोडलेले असते, दुसरे सातव्याशी, तिसरे सहाव्याशी, चौथे पाचव्याशी. एखाद्या हिशेबाच्या वहीतले पृष्ठ ५-६ चे पत्र कुणी मुळापासून उपटले, तर त्याचे जोडीदार पत्र, म्हणजे पृष्ठ ११-१२, आधार जाऊन सैल पडते. वही हातात घेतल्याबरोबर बाइंडरच्या बोटांना ते कळते. पृष्ठक्रमांक छापलेले नसले तरी कुठले पान गेले हे ती सांगू शकते. गुन्हेगार हुशार असेल, तर तो पान उपटणार नाही. तो सांध्यालगत दोन-तीन मिलिमीटरची पट्टी ठेवून ब्लेडने कापेल. मग जोडीदार पत्र सैल होत नाही, पण ती पट्टी घडीत राहते आणि वही पूर्ण उघडली की दिसते. उपटणारा घाईत होता किंवा अजाण होता, कापणाऱ्याला वही कशी बांधतात हे ठाऊक होते. एका पानावरून संशयितांची यादी निम्मी होते, आणि हे काम शिंपिणीला जमणारे नाही.

आता यात लेखक कुठे फसतात ते पाहा. हाच पुरावा ते पाठीला गोंद लावून चिकटवलेल्या पेपरबॅकमध्ये दाखवतात. तिथे फर्म्यांच्या घड्या आधीच कापून टाकलेल्या असतात, प्रत्येक पत्र सुटे असते, त्यामुळे जोडीदाराचा प्रश्नच येत नाही. जाणकार वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. अशी चूक परीक्षणात सांगायलाच हवी.

दुसरी गोष्ट वाचकाशी सचोटीने वागण्याची. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथेसाठी दहा नियम मांडले. शोधकाला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवावा, आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा लागेल असे उपकरण किंवा अज्ञात विष वापरू नये, असे त्यात आहे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला आणि सभासदांकडून याच धर्तीची शपथ घेतली जाऊ लागली. धंद्याचे ज्ञान इथेच अडचणीचे ठरते. शेवटच्या प्रकरणात नायिका म्हणते, ‘आम्हा बाइंडर लोकांना हे माहीत असतं’, आणि फर्म्याची रचना वाचक तेव्हाच पहिल्यांदा ऐकतो. ही फसवणूक आहे. ती रचना दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात, वेगळ्याच पुस्तकाची दुरुस्ती चालू असताना, सहज दिसून गेली पाहिजे. आधी काम, मग पुरावा, आणि मध्ये वाचकाला विसर पडेल एवढे अंतर.

घड्याळजीचा धागा मला फार सुंदर वाटतो. खून झाला त्या क्षणी थांबलेले घड्याळ आता वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे. त्याऐवजी आठ दिवस चालणारे भिंतीवरचे घड्याळ घ्यावे. समजा, त्याला दर सोमवारी चावी दिली की १४ अर्धे फेरे लागतात, म्हणजे दिवसाला दोन. एका सोमवारी सहाच अर्ध्या फेऱ्यांत चावी घट्ट बसते. याचा अर्थ तीन दिवसांपूर्वी, शुक्रवारी, कुणीतरी चावी दिली होती, आणि घर तर आठवडाभर बंद होते असे सगळे सांगत आहेत. अर्धा फेरा म्हणजे अर्धा दिवस, त्यामुळे यातून तास-मिनिटे काढू नयेत. वार तेवढा मिळतो आणि तेवढा पुरतो. शिवाय घड्याळजी त्या घरात का आला, हे वेगळे सांगावे लागत नाही. बऱ्याच कादंबऱ्यांत पोलीस अधिकारी नायिकेला शवचिकित्सेचा अहवाल उगाचच वाचून दाखवतो, तेव्हा अशा आयत्या कारणाची किंमत कळते.

मधमाश्यांबाबत मात्र चुका फार होतात. कामकरी मधमाशी माणसाला दंश करते तेव्हा काटेरी नांगी कातडीत अडकून राहते आणि विष आत सोडत राहते. गांधीलमाशीची नांगी सहसा तशी अडकत नाही. दंशानेच मृत्यू झाला म्हणायचे आणि अंगावर एकही नांगी नाही, तर मधपाळाने तिथेच थबकले पाहिजे. दंशाबरोबर सुटणाऱ्या इशाऱ्याच्या गंधाला पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो, आणि मधपाळ वापरतो त्या स्मोकरच्या धुराने तो झाकला जातो. एवढे हाताशी असताना लेखक काय करतात, तर नायिकेला भर पावसात, रात्री, धुराशिवाय मधपेटी उघडायला लावतात!

जुन्या लेखकांनी ही शिस्त पाळली होती. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउन या पाद्री शोधकाने १९१० च्या पहिल्याच कथेत पाद्र्याचा वेश घेतलेल्या चोराला ओळखले, कारण तो बुद्धीवर टीका करू लागला, आणि ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने चूक होते. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या. १९२० च्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतल्या विषाच्या अचूकपणाची औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने वाखाणणी केली होती. एलिस पीटर्स यांचा बाराव्या शतकातला साधू कॅडफेल वनौषधी जाणतो. १९८० च्या एका कादंबरीत त्याने दुखऱ्या सांध्यांना चोळण्यासाठी केलेले बचनागाचे तेलच खुनासाठी वापरले जाते. औषध त्याचे, म्हणून जबाबदारीही त्याची. धंदा कथेत मुरलेला असतो तो असा.

मालिकांबद्दल थोडेसेच. एकाच खेड्यात दहाव्या पुस्तकापर्यंत दहा खून झाले की वाचक कंटाळतो. पियानो ट्यूनर किंवा जुन्या वस्तूंची किंमत ठरवणारा असा फिरता धंदा निवडला, तर घर बदलते, माणसे बदलतात आणि धंदा तोच राहतो. पुस्तकाच्या शेवटी केकची कृती किंवा विणकामाचा नमुना छापण्याला माझा विरोध नाही. पण ओव्हनचे तापमान बिनचूक आणि पुराव्याची वेळ चुकलेली, असे होऊ नये.

तेव्हा विनंती अशी की, परीक्षणकर्त्यांनी तीन गोष्टी आवर्जून नोंदवाव्यात: धंद्याचे ज्ञान उलगड्यात वापरले आहे का, ते वाचकाला आधी दिले होते का, आणि ते बरोबर आहे का. मात्र नेमका धागा कोणता, हे कृपया छापू नये. गेल्या काही परीक्षणांत तो पहिल्याच परिच्छेदात फोडलेला होता.

आपला,
एक नियमित वाचक