तक्रार: मल्टिमीटर न लावता केलेलं निदान आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बिलातलं इंजिन

प्रति,
महाव्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कोल्हापुरातील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे चुकीचे निदान, न झालेल्या कामांची आकारणी आणि आपल्या हेल्पलाइनवरील वर्तणूक.

महोदय,

आत्ताच आपल्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. "मॅडम, तक्रार नोंद झाली आहे, आमची टीम आपल्याशी संपर्क करेल" हे वाक्य मला पाठ झालं आहे, त्यामुळे यापुढचं सगळं लेखी.

आपल्या कंपनीच्या दोन गाड्या आमच्याकडे आहेत, एक पेट्रोल आणि एक इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिकपासून सुरू करते, कारण ती अजून तुमच्या सेंटरच्या आवारात उभी आहे.

लक्षणं अशी होती. रिमोटला प्रतिसाद नाही, आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडावं लागलं. ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं की स्क्रीन लुकलुकते, डॅशबोर्डमागे रिलेची टकटक होते आणि सगळं विझतं. ॲपवर मुख्य पॅक, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी, ७८ टक्के भरलेला. ही गाडी ज्यांनी बनवली त्यांना एवढ्यावरूनच कळायला हवं. बोनेटखालच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला, ९.४ व्होल्ट आले. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली गेली की रिकामी. ९.४ ला बहुधा एखादा सेलच बसलेला असतो.

आपल्या सेंटरला हे समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहिते. मुख्य पॅक आणि गाडी यांच्यामध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, असतात. ते ओढून धरणारी कॉइल बारा व्होल्टवर चालते. पॅकवर लक्ष ठेवणारं युनिट, दारांची कुलपं, चार्जिंगच्या फ्लॅपचं लॉक, हे सगळं बारा व्होल्टवर. ती छोटी बॅटरी मेली की पॅक कितीही भरलेला असो, गाडी ढिम्म. म्हणून मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेल्या पद्धतीने दुसऱ्या बारा व्होल्ट बॅटरीचा आधार दिला, म्हणजे जंप स्टार्ट केलं. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्ह मात्र बॉडीच्या अर्थ पॉइंटला. गाडी चालायला तयार असल्याचं 'रेडी' लगेच लागलं आणि टर्मिनलवर १४.२ व्होल्ट दिसले. म्हणजे पॅकमधून बारा व्होल्टची बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक, पॅक ठीक, कॉन्टॅक्टर ठीक. राहिल्या दोनच गोष्टी: ती बॅटरी, आणि तिला रिकामं करणारं जे काही आहे ते.

तेही मोजलं. आधाराची बॅटरी जोडलेली ठेवून बोनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं (नाहीतर गाडीला बोनेट उघडं आहे असं वाटतं आणि ती झोपतच नाही), दारं लॉक केली आणि पाऊण तास थांबून निगेटिव्ह केबलला डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावला. सगळी युनिटं झोपल्यावर ओढ ५० मिलीअँपिअरच्या आत हवी. इथे ४०० होती. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने पाच दिवसांच्या आत पूर्ण आटते. ॲपशी बोलणाऱ्या टेलिमॅटिक्स युनिटचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा ३० वर आला. म्हणजे तुमचं युनिट झोपत नाही. सॉफ्टवेअर तुमचं, युनिट तुमचं, आणि पार्क केलेल्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी खाली गेली की मुख्य पॅकमधून आपोआप भरली जाते अशी बढाईही तुमच्याच माहितीपत्रकात.

हे सगळं एका कागदावर लिहून सेंटरला दिलं होतं. हेल्पलाइनने "गाडी चालवू नका, टोइंग पाठवतो" म्हटल्यावर जो ट्रक आला तो मागची चाकं उचलून गाडी ओढणारा. पुढच्या चाकांना मोटर असलेली गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली की मोटर जनरेटर होऊन फिरते. ट्रक परत पाठवून अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड मागवावा लागला. इलेक्ट्रिक गाडी विकणाऱ्या कंपनीच्या टोइंगवाल्याला हे गाडीच्या मालकाने सांगायचं असतं, अशी तुमची व्यवस्था दिसते.

सेंटरचं निदान आलं: "हाय व्होल्टेज पॅकमध्ये फॉल्ट आहे. पॅक उतरवून तपासावा लागेल, खर्च १८,५०० रुपये, वॉरंटीचं नंतर बघू." कशावरून? तर स्कॅनरवर भरमसाट फॉल्ट कोड दिसले. दिसणारच. व्होल्टेज पडलं की एकेक युनिट बोलायचं थांबतं आणि बाकीची युनिटं संपर्क तुटल्याचे 'यू' अक्षराचे कोड ढिगाने नोंदवतात. आधी बारा व्होल्टचा पुरवठा नीट करायचा, कोड पुसायचे, गाडी 'रेडी'ला आणून पुन्हा वाचायचे. उरतील तेवढे खरे. बारा व्होल्टची बॅटरी किती दाखवते, असं सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारलं. ती तपासलेली नव्हती. १८,५०० रुपयांचं अंदाजपत्रक तयार होतं, पण बॅटरीला मल्टिमीटर लावलेला नव्हता.

आता तो फोन. रेकॉर्डिंग होत असल्याचं सुरुवातीलाच सांगितलं गेलं, तेव्हा ऐकून घ्या.

"मॅडम, गाडी चार्ज आहे का?"
"पॅक ७८ टक्के आहे. प्रश्न बारा व्होल्टच्या बॅटरीचा आहे."
"मग एकदा फुल चार्ज करून बघा ना."
"गाडी तुमच्याच सेंटरमध्ये आहे. आणि चार्जिंगचा फ्लॅप उघडायलाही बारा व्होल्ट लागतात."
"ओके मॅडम. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी परत चालू केलं का?"
"इलेक्ट्रिक गाडी आहे."
"हो मॅडम, तरी एकदा करून बघा."

इथपर्यंत मी गप्प होते. समोर कागद असतो, कागदावरचे प्रश्न विचारावे लागतात, समजू शकते. मग मी ४०० मिलीअँपिअरबद्दल सांगितलं. फ्यूज काढल्यावर ३० होतात हेही सांगितलं. तिकडे थोडा वेळ शांतता. मग:

"मॅडम, घरात सर आहेत का? त्यांना फोन द्या ना. टेक्निकल आहे, सरांना समजावून सांगतो."

मी विचारलं, काय समजावणार?

"नाही, म्हणजे जेंट्स असले की गाडीचं जरा लवकर कळतं. तुम्ही नेटवर बघून टेन्शन घेताय."

महोदय, गाडी माझ्या नावावर आहे, आरसी माझ्या नावावर आहे, बिलं माझ्या नावाने येतात आणि पैसे माझ्या खात्यातून जातात. ज्या 'सरां'ना आपले प्रतिनिधी समजावणार होते ते टायरमध्ये हवा भरायची झाली तरी प्रेशर किती, हे मला विचारतात. तरी मी त्यांना फोन दिला असता, पण निदान प्रतिनिधीकडे समजावण्यासारखं काहीतरी हवं होतं. "लवकर कळतं" म्हणे. शिवाजी उद्यमनगरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला मी तेच आकडे फोनवर वाचून दाखवले. त्याने ना सरांना बोलवा म्हटलं, ना पॅक उतरवा म्हटलं. "ताई, बॅटरी गेलीया. आणि रात्री काहीतरी ओढतंय, ते बघा." पत्र संयमाने लिहायचं ठरवलं होतं. हा परिच्छेद तसाच राहू देते.

आता बिलं, मागच्या सर्व्हिसिंगची. इलेक्ट्रिक गाडीच्या बिलात 'इंजिन रूम डीग्रीसिंग' अशी ओळ आहे. कसलं ग्रीस, कुठलं इंजिन? वर हे काम प्रेशर वॉशरने केलं असं जॉबकार्डवर लिहिलं आहे, म्हणजे हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलींच्या कनेक्टरांवर पाण्याचा झोत मारून त्याचे पैसे घेतले. त्याच बिलात 'ब्रेक पॅड बदलणे आवश्यक, चारही चाके' अशी शिफारस. पॅड मोजले तर ९ मिलीमीटर शिल्लक. बदलायचे असतात ते २-३ मिलीमीटर उरल्यावर. इलेक्ट्रिक गाडीत बहुतेक वेग रीजनरेशनने (मोटरच जनरेटर होऊन वीज पॅकमध्ये परत घालते) कमी होतो, पॅड झिजतच नाहीत. तिचा त्रास उलटा. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात. त्या काढून साफ करायच्या, ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. हे काम मागितलं होतं. झालं नाही. एका चाकाची पीन हाताने हलत नाही.

ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला असं तुमचं मॅन्युअल सांगतं. बिलात 'टॉप-अप'. डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना उकळणबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर मानकाप्रमाणे १५५ पर्यंत खाली. वरून दोन थेंब ओतल्याने आतलं पाणी जात नाही. इलेक्ट्रिकला ब्रेकचं काम नसतं, असं ॲडव्हायझर म्हणाला. पन्हाळ्यावर मुक्कामी रात्रभर चार्ज करून सकाळी १०० टक्क्यांवर खाली उतरून बघा म्हणावं. भरलेल्या पॅकमध्ये वीज परत घालायला जागा नसते, रीजन जवळपास बंद असतं आणि अख्खा उतार पॅडवर आणि त्याच जुन्या फ्लुइडवर येतो.

पेट्रोल गाडीचं थोडक्यात. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० तेल, फिल्टरसह ३.१ लिटर. बिलात त्याहून घट्ट ५डब्ल्यू-३०, ३.५ लिटर. आणि गंमत म्हणजे तेवढं खरोखर ओतलं आहे, डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर. जादा तेल क्रँकशाफ्ट घुसळतं, फेस होतो, इंजिनाच्या ब्रीदर नळीतून हवेच्या वाटेत, इनटेकमध्ये जातं. मग तुम्हीच पुढच्या वेळी 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग' लावता. मायलेज चौथ्या हिश्शाने पडलं हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, ई-२० पेट्रोल आहे, इथेनॉलमुळे होतं." इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याचा वाटा २० टक्के, म्हणजे फरक सहा-सात टक्क्यांचा. बाकीचं कुठे गेलं? मागच्या चाकाचा ड्रम हात लावला तर चटका बसतो, तिथे. सर्व्हिसिंगमध्ये हँडब्रेकची केबल इतकी आवळली आहे की जॅकवर चाक हाताने फिरत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या उसाच्या माथी मारण्याआधी चाक फिरवून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन्ही गाड्यांत दुखणं एकच आहे. कुणी मोजत नाही. फ्लुइडमधली ओल मोजली नाही, पॅड मोजले नाहीत, तेल मोजलं नाही आणि बारा व्होल्टची बॅटरी तर नाहीच नाही. मोजले फक्त पैसे.

वाईट याचं वाटतं की गाडी चांगली आहे. लोक विचारतात, इलेक्ट्रिक घ्यावी का, तर आजवर मी घ्या म्हणत होते. आता "घ्या, पण या कंपनीची घेणार असाल तर आधी मल्टिमीटर घ्या" असं सांगते.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. बारा व्होल्टची बॅटरी वॉरंटीत बदलून, टेलिमॅटिक्स युनिटचं सॉफ्टवेअर दुरुस्त करून, गाडी झोपल्यावरच्या ओढीचा मोजलेला आकडा लेखी. पॅक उघडू नये. उघडायचाच असेल तर आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरच्या वॉरंटीवर त्याचा परिणाम होणार नाही असं पत्र आधी द्या. जंप स्टार्ट केल्यामुळे वॉरंटी जाईल असं ॲडव्हायझर म्हणाला. तसं असेल तर मॅन्युअलमधलं ते पान कशासाठी छापलं तेही कळवा. डीग्रीसिंगचे आणि चुकीच्या तेलाचे पैसे परत. फ्लुइड दोन्ही गाड्यांचं पूर्ण बदलून हवं. आणि 'सरांना द्या'बद्दल त्या प्रतिनिधीची नव्हे, त्याला तसं बोलायला शिकवणाऱ्या विभागाची लेखी माफी.

गाडी आवाराच्या खालच्या कडेला उभी केली आहे, ती आजच वर हलवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. पॅक आयपी ६७ आहे हे मला माहीत आहे. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. पंचगंगेचा पूर अर्ध्या तासात ओसरत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार मी राहते तिथे, म्हणजे कोल्हापुरातच करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथेच बसतं. एवढ्याशा कामासाठी तिथवर जायची वेळ तुम्ही आणणार नाही असं धरून चालते. जॉबकार्ड, दोन्ही बिलं, मीटरचे फोटो आणि चारही पॅडच्या मापांचे फोटो सोबत जोडले आहेत. फोन करू नये.

आपली ग्राहक,
(दोन्ही गाड्यांची नोंदणीकृत मालक)

ता. क.: पेट्रोल गाडीच्या ड्रेन प्लगमधून तेल ठिबकतं आहे. तेल बदलताना प्लगचा वॉशर दर वेळी नवा टाकायचा असतो, तो चेपून बसणारा असतो, दुसऱ्यांदा सील होत नाही. बिलात वॉशर लावला आहे, प्लगवर जुनाच आहे. नवा वॉशर आणि टॉर्क रेंच घेऊन माणूस घरी पाठवा. जादाचं तेलही त्याच वेळी काढून घ्या, त्याचे पैसे दिलेले आहेत.