निफाडची थंडी गाडीतच!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

थंडी पडली की निफाडचा पारा पेपरात येतोच, पण माझ्या पंधरा वर्षं जुन्या गाडीने भर मे महिन्यात द्वारकाच्या सिग्नलला बाहेरचं तापमान उणे ४० दाखवलं आणि एसी पण बंद! गॅरेजवाला म्हणाला अख्खा मीटर बदला, आकडा ऐकून मलाच हुडहुडी भरली.

मग घरीच बघितलं. अशा गाड्यांचा बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक पुढच्या बंपरमागे असतो, शेंगदाण्याएवढा. थंडीत त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, उन्हात कमी होतो, त्यामुळे वायर तुटली की रेझिस्टन्स प्रचंड वाढल्यासारखा दिसतो आणि गाडीला वाटतं बाहेर बर्फ पडलाय, आणि एवढी थंडी म्हटल्यावर एसीचा कंप्रेसर चालूच होत नाही. माझ्याकडे प्लग निघालेला, पिना हिरव्या पडलेल्या, मागे एकदा बंपर स्पीडब्रेकरला घासला होता तेव्हाचंच असणार. पिना घासून प्लग दाबला, आकडा ३८ वर. सेन्सरच गेलाय का ते मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स मोजून कळतं.

आणि हो, ट्रॅफिकमध्ये दोन-चार डिग्री जास्त दिसले तर ती इंजिनची धग, बिघाड नाही.

– एक वाचक, नाशिक