अलाबामा दाखवणाऱ्या काका-काकूंना

आदरणीय काका आणि काकू,

साष्टांग नमस्कार.

आई-बाबा परवा यवतमाळला सुखरूप पोचले. घरात पाऊल टाकल्या टाकल्या बाबांनी फोन केला. प्रवास कसा झाला ते राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, "हंट्सव्हिलच्या त्या दोघांना पत्र लिहिलंस का?" तुमचे आभार फोनवर मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहायलाच बसले. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण दरवर्षी आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील इथे सहा महिन्यांसाठी येतात आणि नायगरा झाला, न्यूयॉर्क झालं की पुढे काय, हा प्रश्न घरोघरी पडतो.

मला तो गणपतीतला दिवस लख्ख आठवतो. आरती झाली होती, जेवणाच्या रांगेत तुम्ही बाबांच्या पुढे उभे होतात. बाबा म्हणाले, "गुडघ्यामुळे लांबचं विमान आता नको वाटतं. जवळपास काही इतिहास आहे का हो?" तुम्ही ताट खाली ठेवलंत, खिशातून पेन काढलं आणि आरतीच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागलात. मी अकरा वर्षं अटलांटात राहते. शेजारच्या अलाबामा राज्याची हद्द घरापासून तासा-दीड तासावर, पण तिकडे आवर्जून जावं असं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्ही त्या कागदावर पाच दिवस लिहून दिलेत: कुठे सकाळी जायचं, काय कोणत्या दिवशी बंद असतं, कुठे बाबांना बसायला बाक मिळेल. "हद्द ओलांडलीत की घड्याळ एक तास मागे जातं, तो तास टस्कीगीला द्या," हे वाक्य तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतंत.

तो तास आम्ही टस्कीगीला दिला, आणि वर आणखी तीन. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कोण, हे मराठी घरात सांगावं लागत नाही. पण त्याचं गाव आपल्या गाडीच्या रस्त्यावर आहे, हे मला ठाऊक नव्हतं. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टननी १८८१ साली तिथे शाळा उघडली. विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या, भिंती विद्यार्थ्यांनीच चढवल्या. बाबांनी एका इमारतीच्या विटेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. १८९६ साली कार्व्हर तिथे आला आणि ५ जानेवारी १९४३ला जग सोडेपर्यंत तिथेच राहिला. कापसाने कस गेलेल्या जमिनीत शेंगा, चवळी, रताळी लावा, हे तो शेतकऱ्यांना सांगत राहिला. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही म्हणून १९०६ साली घोडागाडीवरची फिरती शाळा त्याच्या दारात नेली. बाबांचा जन्म कापसाच्या मुलखातला, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आवारातच वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. कार्व्हरच्या दगडावर कोरलंय की कीर्तीसोबत पैसाही त्याला जोडता आला असता, पण त्याने दोन्हींची पर्वा केली नाही आणि जगाच्या उपयोगी पडण्यात सुख मानलं. बाबांनी चप्पल काढून नमस्कार केला. बाहेर पडल्यावर पेट्रोल पंपावर तुम्ही सांगितलेल्या खारवलेल्या उकडलेल्या शेंगा मिळाल्या. गरम, ओल्या, सालासकट. आईने गाडीत सगळीकडे टरफलं केली आणि कुणी काही बोललं नाही.

माँटगोमेरीबद्दल तुम्ही लिहिलं होतं, "आधी संग्रहालय, मग स्मारक. मध्ये नीट जेवा. संध्याकाळी दुसरं काहीही ठेवू नका." किती बरोबर होतं ते! गुलामगिरी आणि झुंडीने केलेल्या हत्यांचा इतिहास मांडणारी ही दोन्ही ठिकाणं २०१८ साली उघडली. पाच डॉलरच्या एका तिकिटात ती होतात आणि नदीकाठचं शिल्पांचं उद्यानही होतं. संग्रहालयात एका भिंतीवर मातीच्या बरण्याच बरण्या आहेत. जिथे जिथे माणसांना झुंडीने मारलं, तिथून तिथून आणलेली माती. प्रत्येक बरणीवर नाव आणि तारीख. काही माती लाल, काही पिवळट, काही काळीभोर. आई एका काळ्या बरणीसमोर थांबली आणि हळूच म्हणाली, "ही तर आपल्या शेतातल्यासारखी आहे." त्यानंतर ती बराच वेळ माझा हात धरून चालत होती.

स्मारकात आठशेहून जास्त पोलादी खांब आहेत, गंजाच्या रंगाचे, एकेका परगण्यासाठी एकेक. सुरुवातीला ते आपल्या उंचीचे, अगदी समोरासमोर. मग पायाखालची जमीन उतरत जाते, खांब मात्र तिथेच राहतात आणि शेवटी डोक्यावर टांगलेले दिसतात. १८७७ ते १९५० या काळात मारल्या गेलेल्या ४,४०० हून अधिक माणसांची आठवण तिथे आहे. बाबा मान वर करून ओठातल्या ओठात नावं वाचत होते. रात्री हॉटेलवर ते फक्त एवढंच म्हणाले की १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, ते लढले ते याच्याविरुद्ध. बाबांनी हे वर्गात तीस वर्षं शिकवलं. त्या दिवशी त्यांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचं घर. १९५४ ते १९६० ते या गावात धर्मगुरू होते. साधं लाकडी घर, व्हरांडा, स्वयंपाकघर. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठायला नकार दिला म्हणून १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्सना अटक झाली, आणि लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. तो सुरू असतानाच या व्हरांड्यावर बॉम्ब फेकला गेला. बायको आणि तान्ही मुलगी घरात होती, दोघी वाचल्या. तारीख ३० जानेवारी १९५६. बाबांनी ती पाटीवर वाचली आणि म्हणाले, "तीस जानेवारी." आमच्यात कुणालाच पुढचं सांगावं लागलं नाही.

सेल्मामध्ये एडमंड पेटस पूल आहे. तुम्ही लिहिलं होतंत, "गाडीतून जाऊ नका, चालत जा." त्याचं कारण तिथे गेल्यावर कळलं. पुलाला मध्ये उंचवटा आहे. चढताना पलीकडचं काही दिसत नाही, माथ्यावर पोचल्यावरच दिसतं. ७ मार्च १९६५ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सहाशेच्या आसपास माणसांना माथ्यावरून काय दिसलं असेल, तर समोर आडवे उभे असलेले काठ्या घेतलेले पोलीस. तरीही ते उतरत गेले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. बाबा काठी टेकत टेकत पूर्ण पूल चालले, गुडघा दुखत असताना.

आणि मग त्याच संध्याकाळी क्लँटनजवळ टायर फुटला. भाड्याच्या गाडीत जादा चाक नव्हतं. मदतीच्या फोनवर सांगितलं की माणूस यायला चार-पाच तास लागतील. अंधार पडत आलेला, आई घाबरलेली, बाबांची रक्तदाबाची गोळी बॅगेत कुठेतरी खाली. मी तुम्हाला फक्त विचारायला फोन केला होता की जवळ एखादं गॅरेज माहीत आहे का. तुम्ही म्हणालात, "तिथेच थांबा, दिवे लावून ठेवा." सव्वादोन तासांनी तुमची गाडी मागे येऊन उभी राहिली. वयाची सत्तरी उलटल्यावर, रात्री, दीडशे मैल! काकू, तुम्ही उतरलात ते हातात डबा घेऊनच. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि थर्मासमध्ये चहा. आई रस्त्याकडेला तुमच्या गळ्यात पडली. तोवर ती तुम्हाला एकदाच भेटली होती. ती अजून सांगते, "त्या भाकरीची चव मला घरच्या भाकरीला आली नाही."

बर्मिंगहॅम आम्ही तुमच्याबरोबर थोडक्यात पाहिलं. १५ सप्टेंबर १९६३ला सोळाव्या रस्त्यावरच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी घडवलेल्या स्फोटात चार मुली गेल्या, त्यातली सर्वांत धाकटी अकरा वर्षांची. तिथे वेल्समधल्या लोकांनी पाठवलेली रंगीत काचेची खिडकी आहे, कृष्णवर्णी ख्रिस्त हात पसरून उभा. समोरच्या बागेत पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी, पोलिसांनी मोर्चेकऱ्यांवर सोडलेल्या कुत्र्यांची आठवण म्हणून, अंगावर झेपावणारे पोलादी कुत्रे, त्यांच्या मधूनच चालावं लागतं. ज्यांना तिथे मुलांना न्यायचंय त्यांनी आधी त्यांच्याशी बोलून मग न्यावं, हे काकूंचं म्हणणं मी इथे लिहून ठेवते.

हंट्सव्हिलला तुमच्याकडे दोन रात्री राहिलो. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या जातीचं सॅटर्न-५ रॉकेट तिथल्या अंतराळ संग्रहालयात आडवं ठेवलंय, ३६३ फूट. बाबा त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले. पण आईला लक्षात राहिली ती दाराजवळची मिस बेकरची कबर. १९५९ साली अंतराळात जाऊन जिवंत परत आलेली छोटीशी माकडीण. दगडावर कुणीतरी केळं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आईने तुमच्या स्वयंपाकघरातून एक केळं मागून घेतलं होतं, आठवतंय ना?

तो दुसरा दिवस मी कधी विसरणार नाही. टस्कंबियाला, हेलन केलरच्या गावी, निघालो तेव्हा ऑक्टोबर होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. आई मागच्या सीटवरून ओरडली, "अगं बाई, ही तर पऱ्हाटी!" काका, तुम्ही काही न विचारता गाडी कडेला घेतलीत. वेचणी यंत्राने होते, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे शेतात पडले होते. आई बांधावर उभी राहिली आणि सांगू लागली, लहानपणी आईबरोबर वेचणीला जायची, ओटीत कापूस कसा भरायचा, वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला कशी रुततात. मग थांबली. म्हणाली, "आणि ते लोक तर दिवसभर, मारही खात." बाबांनी सांगितलं की १८६१ला इथे यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना इथला कापूस मिळेना, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव पडला. ते दोघं एकाच बांधावर उभे राहून एकाच पिकाबद्दल बोलत होते. तुम्ही दोघं लांब उभे राहिलात, त्यांना वेळ दिलात. या गोष्टीचे आभार मला सगळ्यांत जास्त मानायचे आहेत.

आणि हेलन केलरचं घर. अंगणातला तो हातपंप. ५ एप्रिल १८८७ला शिक्षिका ॲन सुलिव्हनने सहा वर्षांच्या अंध-बधिर हेलनचा एक हात पाण्याच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळव्यात बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर जुळवलं, आणि त्या मुलीला कळलं की प्रत्येक वस्तूला नाव असतं. आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत ही गोष्ट चौथीच्या किती वर्गांना सांगितली असेल. पंप तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. ती त्याच्याजवळ गेली, काकूंचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने लिहिलं: पाणी. काकू, तुम्ही हात मागे घेतला नाहीत. तसाच उघडा धरून ठेवलात.

तुमचा तो आरतीचा कागद आता घड्यांवर फाटायला आलाय. मी त्याच्या चार प्रती काढून चार घरी दिल्या आहेत. या उन्हाळ्यात त्यांचे आईवडील येणार आहेत.

तुम्ही फेब्रुवारीत पुण्याला जाणार आहात, असं काकू म्हणाल्या होत्या. बाबांचा निरोप आहे: पुण्याहून नागपूरच्या गाडीत बसा आणि धामणगावला उतरा. गाडी पहाटे पोचो की रात्री, ते स्टेशनवर उभे असतील. शेतात फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या पिकाचा, कापूस अजून असेल, आणि आईने ज्वारी दळून ठेवली आहे.

तुमची,
अटलांटातली लेक