शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, त्यात बाबा सारखे अमेरिकेच्या त्या डॉक्टरी परीक्षेतल्या स्टेप टूच्या मार्कांचं विचारत होते, म्हणून तिकडच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पीजीच्या, अर्जाला शिफारसपत्रं कोणाची लावायची, हे बोलायचं राहूनच गेलं. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. सावकाश वाच.

एचओडी सरांचं, कॉलेजातल्या विभागप्रमुखांचं, पत्र घेऊ नकोस.

मामाने ओळख काढली, सर लगेच हो म्हणाले. त्याने हे तुझ्या मायेपोटीच केलं, त्याची समजूत मी घालीन. पण सर काय म्हणाले? "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांनी तुला एकदा तरी पेशंटच्या कॉटजवळ उभं राहिलेलं पाहिलंय का? त्यांच्या राउंडला तू गर्दीत मागे असायचीस, हे तूच सांगायचीस. आणि इरासच्या, म्हणजे तिकडे अर्ज भरायच्या त्या पोर्टलच्या, फॉर्मवर तू स्वतः खूण करतेस की हे पत्र वाचण्याचा माझा हक्क मी सोडते. मग तेच पत्र आपल्याच हाताने कसं लिहायचं? इकडे सर्रास असं चालतं, मला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आहेत मी. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी इंटर्न पोरं लॉगबुकांचा गठ्ठा घेऊन साहेबांच्या दाराशी उभी राहायची. साहेबांच्या डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हातात पेन, आणि पानं उलटायला एक पोरगा. ज्याने रात्ररात्र जागून ड्रेसिंगं केली त्याच्या वहीत तीच सही, आणि जो महिनाभर लायब्ररीत पीजीचा अभ्यास करत बसला त्याच्याही वहीत तीच.

माझ्याही वाट्याला हे आलंय, तुला कधी सांगितलं नाही. एका वर्षी माझा गोपनीय अहवाल अशा साहेबांनी लिहिला, जे आमच्या वॉर्डात पाऊलही टाकत नसत. 'साधारण' एवढा एकच शब्द. त्याच पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ होती. कॉटा पुरेनात म्हणून आम्ही व्हरांड्यात गाद्या टाकल्या आणि खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या. बढती दोन वर्षं लांबली. ज्याने पाहिलंच नाही, तो लिहिणार तरी काय?

म्हणून इथलं एक पत्र घ्यायचंच असेल तर मेडिसिनच्या मॅडमचं घे. हो, ज्यांनी तुला रडवलं त्याच. संध्याकाळच्या राउंडला त्यांनी विचारलं, "पोटॅशियम किती?" सॅम्पल पाठवून तू विसरून गेली होतीस. त्या नातेवाइकांसमोर बोलल्या, आणि तू होस्टेलच्या जिन्यावरून मला फोन केलास. मी तेव्हा मॅडमची बाजू घेतली म्हणून चिडलीही होतीस. पण दुसऱ्या दिवसापासून तू सकाळी साडेसहाला लॅबमध्ये जायला लागलीस. सगळ्या रिपोर्टांचे आकडे एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे, कालचा आकडा, शेजारी आजचा, आणि ती चिठ्ठी एप्रनच्या खिशात. पोस्टिंग संपता संपता मॅडम ज्युनिअर रेसिडेंटला म्हणाल्या होत्या ना, "आधी हिची चिठ्ठी बघा, मग फाइल उघडा." चूक केलेली आणि ती सुधारलेली, दोन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. असं पत्र मामाच्या ओळखीने मिळत नाही गं. आमच्या वॉर्डातही चांगल्या युनिट हेड मला बाजूला घेऊन विचारायच्या, "सिस्टर, ही मुलगी रात्री कशी असते?" मॅडम त्याच जातीच्या वाटतात मला.

अर्थात तिकडच्या डॉक्टरांची पत्रं आधी, हे मलाही कळतं. प्रोग्रामवाल्यांना अमेरिकेतल्या वॉर्डात तू कशी वागतेस ते हवं असणार. २०२२ च्या जानेवारीपासून स्टेप वनला नुसतं पास-नापास झालंय, त्यामुळे या पत्रांकडे लक्ष जास्त जाणार, असं माझं मन सांगतं. तिकडच्या हॉस्पिटलमधल्या त्या तरुण अटेंडिंगचं, म्हणजे तुमच्या युनिटच्या जबाबदार डॉक्टरांचं, पत्र पहिलं. ते फार मोठे नाहीत म्हणून तू कां-कूं करत होतीस. पण चार आठवडे रोज सकाळी त्यांनी तुझ्याकडून पेशंट प्रेझेंट करून घेतला, चुकलं तिथे थांबवलं, वाचून ये म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारलं. यापेक्षा मोठं नाव घेऊन काय करायचंय?

शिकागोतल्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांची मात्र मला धाकधूक आहे. ते सगळ्यांना एकच पत्र देतात म्हणालीस. मेहनती, नम्र, वेळेवर येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असतं ना, तसं वाटेल ते वाचणाऱ्याला. तरी सोडू नकोस. त्यांना भेट आणि त्या गुजराती आजींची आठवण करून दे. एकादशीला पोटात काही नसताना त्या इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच घेत होत्या, आणि शुगर का उतरते ते कुणालाच उमगत नव्हतं. उपासाचं तू विचारलंस म्हणून कळलं. हे त्यांच्या खोलीत घडलंय, त्यांनी ऐकलंय. तेवढ्या चार ओळी आल्या तरी त्या पत्रात जीव येईल.

तिघांनाही एक पान लिहून दे. पत्राचा मसुदा नको, नुसती आठवण: कोणत्या महिन्यात होतीस, कोणते पेशंट, काय शिकलीस. सोबत सीव्ही आणि पर्सनल स्टेटमेंट. आणि मागताना स्पष्ट विचार, "माझ्याबद्दल मनापासून, भक्कम लिहिता येईल का?" समोरचा जरा जरी घुटमळला तर आभार मानून निघून ये. वाईट वाटेल, पण पोकळ पत्रापेक्षा ते बरं. चार पत्रं लावता येतात म्हणून चार भरायलाच हवीत असं नाही, बऱ्याच ठिकाणी तीनच मागतात ना?

सप्टेंबरच्या अखेरीला ते अर्ज उघडून वाचायला लागतात. म्हणजे आता जुलैतच विचारायला हवं, लिहिणाऱ्याला महिना-दीड महिना मिळाला पाहिजे. मॅडमना हे पोर्टल नवीन असेल. फॉर्मबरोबर साध्या मराठीत लिहून पाठव: कॉलेजच्या लेटरहेडवर, तारीख या वर्षीची, सही हवी, आणि अपलोड त्यांनी स्वतःच करायचं, पत्र तुझ्याकडे पाठवायचं नाही. तारखेच्या आठवडाभर आधी एकदा आठवण कर, रोज मागे लागू नकोस. मार्चमध्ये निकाल काहीही लागो, तिघांनाही कळव. मदत मागताना आठवतो माणूस, नंतर विसरतो, तसं आपल्याकडून नको.

मॅडमना मेसेजवर विचारू नकोस, फोन कर. मी आज कॉलेजात फोन करून विचारून घेतलं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची ओपीडी असते, दोनला संपते, मग त्या अर्धा तास खोलीत बसतात. इथले दोन म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे साडेतीन. सोमवारी लवकर जेवून झोप आणि सव्वातीनचा गजर लाव.

तुझी,
आई