हिरो म्हातारा झालाय तर म्हाताराच दाखवा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या हॅरिसन फोर्डवर, म्हणजे टोपी-चाबूकवाल्या प्रोफेसर इंडियाना जोन्सचं काम करणाऱ्या हिरोवर, जो लेख आला होता तो वाचला, आणि खरं सांगू का, अर्धा पटला आणि अर्धा डोक्यात गेला. लेखकमहाशयांचं म्हणणं असं की माणसानं वेळेत थांबावं, ऐंशीच्या घरात चाबूक फिरवणं शोभत नाही, इंडियाना जोन्सची टोपी आता खुंटीला टांगा वगैरे. अहो पण का? जोन्सच्या सिनेमांचा पहिला भाग १९८१ चा, पाचवा २०२३ चा, माणूस १९४२ चा, हिशोब सगळ्यांना येतो. थिएटरात जाणाऱ्याला काय तो पंचविशीचा आहे असं वाटत होतं का?

मला खटकलं ते वय नाही, वय लपवणं. पाचव्या भागाच्या सुरवातीचा मोठा तुकडा १९४४ सालातला आहे, ट्रेन, नाझी, मारामारी, सगळं, आणि त्यात फोर्डचा चेहरा कॉम्प्युटरनं तरुण केलाय. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक म्हणून सिनेमातले इफेक्ट करणारी कंपनी आहे, त्यांनी जुन्या सिनेमांचं फुटेज धुंडाळून तो चेहरा बसवला. चेहरा जमलाय, नाही असं नाही, पण तोंड उघडलं की संपलं. आवाज ऐंशीचाच! गडी ट्रेनच्या टपावरनं पळतोय आणि घशातनं आजोबा बोलतायत. आमचं पोरगं म्हणालं, पप्पा डबिंग गंडलंय काय.

आता हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. आमच्या नागठाण्याचे बालगंधर्व १९५५ पर्यंत स्टेजवर होते, म्हणजे सदुसष्ट वर्षं वय, तेही बायकांच्या भूमिकेत. अंग थकलंय हे पहिल्या रांगेतल्याला काय आणि शेवटच्या रांगेतल्याला काय, दिसतच होतं की, पण लोक गाण्यासाठी जायचे आणि बाकीचं आपलं आपण भरून घ्यायचे. त्यात फसवाफसवी नव्हती. इथं बरोबर उलटं केलंय, चेहरा कोवळा आणि आवाज जून, म्हणजे प्रेक्षकाला भरून घ्यायला काही ठेवलंच नाही.

आणि गंमत बघा, त्याच सिनेमात पुढं १९६९ साल येतं तेव्हा तोच माणूस न्यूयॉर्कच्या फ्लॅटात चड्डीवर खुर्चीतच झोपलेला असतो, शेजारच्या पोरांनी मोठ्यानं गाणी लावलेली, हा बेसबॉलची बॅट घेऊन दार वाजवायला जातो. पोट सुटलेलं, छातीवरचे केस पांढरे. कॉलेजात निरोप समारंभ होतो, भेट म्हणून घड्याळ देतात, ते हा रस्त्यात कुणाच्या तरी हातात देऊन मोकळा. (आमच्याकडच्या रिटायर मास्तरांना विचारा शाल-श्रीफळाचं काय करतात ते.) पुढं गुहेत कडा चढताना खांदा गेलाय, मणके गेलेत अशी सगळी यादी वाचत वाचत चढतो. मला विचाराल तर सिनेमा तिथं आहे, पण तुमच्या लेखात ह्यातल्या एका सीनवर एक ओळ नाही!

तालमीत वस्ताद म्हातारा झाला म्हणून कुणी त्याला घरी बसवत नाही. कान मोडलेले, गुडघा वाकत नाही, हौद्याच्या कडेला खांद्यावर टॉवेल टाकून बसलेला असतो, पण एखादा पठ्ठ्या पट काढायला चुकला की तिथनंच ओरडतो, नाहीच जमलं तर उठून मनगट धरतो आणि त्या वीस वर्षाच्या पोराला ते मनगट सुटत नाही. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात ते उगाच नाही. म्हाताऱ्या हिरोचं पण तसंच करायचं, त्याला पळवायचं नाही, डाव टाकू द्यायचा. आणि हा हिरो तर पहिल्यापासनं तसलाच होता. १९८१ च्या भागात तो तलवारवाला एवढे हातवारे करतो आणि जोन्स सरळ पिस्तुल काढून उडवतो, तो सीन आठवतोय ना? लिहिली होती मोठी फाइट, पण ट्युनिशियात शूटिंगला फोर्डला हगवण लागलेली, अंगात त्राण नाही, मग म्हणाला गोळीच घालू की. एवढी वर्षं झाली, टाळी अजून त्यालाच पडते.

बरं, उड्या तरुणपणी तरी सगळ्या ह्यानं एकट्यानं मारल्या होत्या काय? १९८४ च्या भागाच्या वेळी पाठीचं ऑपरेशन करायला त्याला अमेरिकेला न्यावं लागलं आणि तेवढे दिवस विक आर्मस्ट्राँग नावाच्या स्टंटमननं त्याच्या जागी काम केलं. २०२१ ला फाइटच्या रिहर्सलला खांदा गेला. आपल्या पेपरात मात्र हिरोच्या जिमची अर्धं पान बातमी, आणि ज्यानं हाडं मोडून घेतली त्याचं नाव छापायला जागा नसते.

अजून एक. म्हाताऱ्या हिरोला हसताय तर त्याच्याबरोबरच्या हिरॉइनीचं पण विचारा. पहिल्या भागातली कॅरन ॲलन पाचव्यात येते ती शेवटी, पाच मिनिटं. निदान फोर्डच्या जोडीला नात शोभेल अशी प्रेयसी तरी दिली नाही, तरुण बाई आहे ती मित्राची पोरगी. आपल्याकडचे साठीचे हिरो ह्यात कुठं बसतात ते तुम्हीच बघा.

आणि मराठीत काय कमी आहे का? महेश कोठारे 'झपाटलेला' नंतर वीस वर्षांनी, २०१३ ला, दुसऱ्या भागात परत आले तेव्हा हिरोचं काम पोराला, आदिनाथला दिलं होतं, ह्याला म्हणतात समज. दिलीप प्रभावळकर तर २०२५ च्या 'दशावतार'मध्ये ८१ व्या वर्षी मेन रोलला. त्यांना कुणी म्हणालं काय घरी बसा म्हणून?

जाता जाता एक दुरुस्ती. अमरीश पुरींनी ज्यात टक्कल करून मोलाराम हा व्हिलन केला त्या १९८४ च्या भागाचं शूटिंग राजस्थानात झालं असं लेखात छापलंय. ते श्रीलंकेत झालं, कँडीच्या बाजूला. स्क्रिप्टवरनं आपल्या सरकारशी जमलं नाही म्हणून भारतात परवानगी मिळाली नव्हती. तेवढं पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक
विश्रामबाग, सांगली